मधलं पान

बरणीत एक पान आहे, पांढरट,
तळहाताएवढं, भिजल्या बटरपेपरसारखं.
लेबलवर 'बोव्हाइन' एवढंच.
गाय की म्हैस, बैल की वासरू, लिहिलेलं नाही.
लॉट नंबर आहे, आणि कधीपर्यंत वापरायचं ते.
एकेकाळी ते एका धडधडत्या हृदयाभोवती होतं.
हृदयानं छातीच्या पिंजऱ्याला घासू नये,
एवढंच त्याचं काम.

तीन वाट्या मांडते मी सलाईनच्या.
पहिलीत दोन मिनिटं, दुसरीत दोन, तिसरीत दोन.
औषध निघून जाईपर्यंत हलवत राहायचं,
बाळंतिणीच्या घरी दुपटी खळबळतात तसं.

टेबलावर राजमती कुसनाळे, वय एकसष्ट, समडोळी.
चार वर्षांपूर्वी महाधमनीत कापडाची नळी बसवलेली.
आता ती एका टोकाला फुगलीय,
आणि आतडं येऊन बिलगलंय तिला,
पोरकं लेकरू मावशीला बिलगावं तसं.
सोडवायला आवटी सरांना साडेतीन तास लागले.
कात्रीनं कमी, बोटानं जास्त, ओल्या गॉजनं,
आणि मधूनमधून नुसतं थांबून.
आता नवी नळी, आणि तिच्यावर हे पान.
म्हणजे पुन्हा कधी कुणी उघडलंच
तर वाट सापडेल.

काल फॉर्म घेऊन गेले तेव्हा
ती सूर्य बुडायच्या आत जेवून बसली होती.
बटाटासुद्धा न खाणारी बाई.
मी वाचलं: प्राण्याच्या हृदयावरचं आवरण.
"कसल्या प्राण्याच्या?"
सांगितलं.
मुलगा म्हणाला, आई, औषधच समज.
"औषदाला आई नसती रं. ह्येला हुती."
मग माझ्याकडं वळून,
"मेलं कसं त्ये?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
ठाऊक नाही, म्हणाले.
खाली मिरज स्टेशनात गाडी लागली, सुटली,
तरी ती गप्पच.
"नंबर तरी आसंल की. वाच."
मी खाली जाऊन नंबर लिहून आणला. वाचला.
आठ आकडे आणि एक अक्षर.
तिनं हात जोडले त्या नंबराला.
"उत्तम क्षमा," म्हणाली,
भादव्यात शेजारणीला म्हणतात तसं,
आणि सही केली. पूर्ण नाव,
एकेक अक्षर सुटं.

एकोणीसच्या पुरात आमचा अल्बम
सहा दिवस कृष्णेच्या पाण्यात होता.
गच्चीवर उन्हात ठेवून पानं सोडवायला गेले
तर बाबांचा चेहरा आईच्या पदरावर निघून आला.
बाबांच्या जागी कोरा, खरखरीत कागद.
चिकटण्याला आपण माया म्हणतो.
त्या दुपारी तिचं दुसरं काही नाव असेल असं वाटलं,
सापडलं नाही.
एकाच जागी बटरपेपर टिकला होता.
डाव्या पानावर मी, उजव्यावर रूथ,
नाताळच्या फ्रॉकातल्या.
आम्ही बहिणी आता फारसं बोलत नाही.
पण त्या पानांवर दोघी शाबूत.

"सिस्टर, गुळगुळीत बाजू कुठली?"
बोट फिरवून सांगते, हातमोज्यातूनही कळते.
गुळगुळीत आतड्याकडं, खरबरीत नळीकडं.
सर पान अंथरतात, कडेनं चार टाके.
त्याच्याखाली नळी उडते. पान उडतं.
पुन्हा काहीतरी धडधडतंय त्याच्याखाली.
माझ्या मास्कमागं ओठ हलतात, आठ आकडे, एक अक्षर.

डब्यातून नंबराची तीन स्टिकरं निघतात.
एक केसपेपरला, एक पेशंटच्या कार्डाला.
तिसरं नेहमी कचऱ्यात जातं.
आज टाकवेना.
डायरीत लावलं,
आणि नख घालून पाहिलं कोपऱ्याला.
निघत नाही.